काट्यावरचं गणित पाटीवर आणताना

परभणी जिल्ह्यातल्या मानवतच्या आसपासच्या कुठल्याही गावात वेचणीच्या दिवसांत तिसरीतल्या मुलाला विचारून पाहा: आईचा कापूस तेवीस किलो भरला, मावशीचा अठरा, दोघींचा मिळून किती? मूल क्षणभर थांबतं, ओठ हलवतं आणि एक्केचाळीस सांगतं. कसं काढलंस म्हणून विचारलं की म्हणतं, "वीस नि दहा तीस, तीन नि आठ अकरा, तीस नि अकरा एक्केचाळीस." आता हेच 23 आणि 18 एकाखाली एक मांडून पाटीवर द्या. तोंडी बरोबर सांगणाऱ्यांपैकीच काही मुलं तीन नि आठ अकरा लिहितात, त्याच्या डावीकडे दोन नि एक तीन लिहितात आणि 311 अशी पाटी पुढे करतात. दोघी बायकांनी एका दिवसात तीनशे अकरा किलो कापूस वेचला, यात त्यांना काही खटकत नाही. पाटीवरचे आकडे कापसाचेही असू शकतात, हे त्यांना कुणी सांगितलेलंच नसतं.

पहिली ते चौथीला गणित शिकवणाऱ्या शिक्षकांना आणि घरी अभ्यास घेणाऱ्या आई-वडिलांना माझं सांगणं या एकाच गोष्टीभोवती आहे. मूल हिशेब घेऊनच शाळेत येतं. त्याच्याजवळचा तोंडी हिशेब आणि पाटीवरच्या खुणा यांची गाठ घालून देणं, हे प्राथमिक शाळेतल्या गणिताचं पहिलं काम आहे.

हा प्रकार आपल्याकडेच घडतो असं नाही. ब्राझीलमधल्या रेसिफे शहरात रस्त्यावर नारळ, फळं विकणाऱ्या मुलांचा अभ्यास मानसशास्त्रज्ञ तेरेझिन्या नुनेस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1985 साली प्रसिद्ध केला. गिऱ्हाइकाला चोख हिशेब सांगणारी तीच मुलं कागदावरच्या गणितात चुकत होती. पुढे 2025 साली अर्थतज्ज्ञ अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कोलकाता व दिल्लीच्या बाजारांतल्या मुलांवरचा अभ्यास 'नेचर' या नियतकालिकात मांडला. त्यातही तेच दिसलं, आणि उलट बाजूही दिसली: शाळेतल्या गणितात बऱ्या असलेल्या मुलांना बाजारातला तोंडी हिशेब नीट जमत नव्हता. म्हणजे आपण दोन वेगवेगळी गणितं वाढवतो आहोत आणि दोन्ही अर्धीच राहतात. आपल्याकडचंच बघा: परभणी-पाथरी रस्त्यावरचं मानवत ही कापसाची जुनी बाजारपेठ. काटा, क्विंटल, भाव, पट्टी (विक्रीची पावती) हे शब्द इथल्या मुलांच्या कानावर रोज पडतात. त्यांना हिशेब नवा नाही, हिशेब लिहिण्याची रीत नवी आहे.

आधी संख्या, मग अंक

पहिली-दुसरीत सगळ्यात जास्त गडबड संख्या वाचण्या-लिहिण्यात होते, आणि तिचं कारण मुलाच्या डोक्यात नसून आपल्या संख्यानामांत आहे. 'सत्तावीस' ऐकताना आधी सात ऐकू येतात, मग वीस. लिहिताना मात्र आधी दोन लिहायचे. म्हणून मूल 72 लिहितं. 'एकोणतीस' ऐकलं की त्यात तीस ऐकू येतात, म्हणून 39 लिहितं. नांदेडच्या पलीकडे तेलुगू बोलणारं मूल एकवीसला 'इरवै ओकटि', म्हणजे वीस-एक, म्हणतं. त्याला ही अडचण येत नाही.

2019 साली बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'वीस एक, वीस दोन' अशी संख्यावाचनाची रीत आली तेव्हा राज्यभर केवढा गदारोळ झाला, हे अनेकांच्या लक्षात असेल. विषय विधानसभेतही गाजला. गणित समितीच्या अध्यक्ष डॉ. मंगला नारळीकर होत्या. जोडाक्षरांची आणि उलट्या क्रमाची अडचण लहान मुलांना सोसावी लागू नये, एवढाच त्यांचा हेतू होता. त्यावर जी चेष्टा झाली ती अनाठायी होती, असं मला ठामपणे वाटतं. वर्गात दोन्ही रीती वापरा. सत्तावीस शिकवाच, कारण बाजारात आणि घरात तोच शब्द आहे. पण मूल अडखळलं की 'वीस नि सात' म्हणू द्या. उलटं लिहिणं थांबलं की तो टेकू आपोआप सुटतो. बंजारा तांड्यावरून येणारं मूल घरी गोरमाटीत मोजत असेल, कुणी उर्दूत मोजत असेल, तर पहिले काही महिने त्यांनाही आधी आपल्या भाषेत मोजू द्या आणि मग मराठीत सांगायला लावा. दोन भाषांत मोजणारं मूल मागे पडत नाही.

संख्या नीट समजावी यासाठी शंभर मण्यांची माळ हे मला माहीत असलेलं सर्वांत उपयोगी साधन. दोन रंगांचे मणी घ्यायचे, दहा लाल, दहा पांढरे, पुन्हा दहा लाल, असे शंभर मणी ओवायचे. नेदरलँड्समध्ये गणितज्ञ हान्स फ्रॉइडेंथाल यांच्या विचारांतून गणितशिक्षणाची जी परंपरा उभी राहिली, तिच्यात अशी माळ फार वापरली गेली. आपल्याकडेही अनेक जिल्हा परिषद शाळांत गणितमाळ आहे. तक्रार एकच: ती बऱ्याचदा भिंतीवर मुलांचा हात पोहोचणार नाही इतकी उंच टांगलेली असते. ती मुलाच्या छातीच्या उंचीवर हवी. मग सांगा, सत्तावीसव्या मण्यानंतर चिमटा लाव. मूल आधी एकेक मणी मोजेल. काही दिवसांनी दहा, वीस असं उडी मारत जाईल आणि पुढचे सात मोजेल. आणखी काही दिवसांनी तीसवर जाऊन तीन मणी मागे येईल. या तिसऱ्या टप्प्यावर आलेलं मूल संख्या समजलेलं मूल आहे, हे खुशाल समजा. एकोणतीस, एकोणचाळीस, एकोणपन्नास हे शब्दही माळेवरच उलगडतात: तीसला एक मणी कमी, चाळीसला एक कमी, पन्नासला एक कमी.

तिसरीत 'तीनशे पाच' सांगितल्यावर 3005 लिहिणारी मुलं हमखास असतात. ऐकलं तसंच ती लिहितात. इथे समजावून सांगून फारसं हाती लागत नाही. जुन्या लग्नपत्रिका कापून कार्डं करा. लांब कार्डावर 300, मध्यम कार्डावर 40, छोट्या कार्डावर 5. लांब कार्डावर छोटं कार्ड उजव्या कडेला नीट जुळवून ठेवलं की 305 दिसतं. छोटं उचललं की खालचं शून्य पुन्हा दिसतं. पाचाच्या खाली शून्य दडलेलं होतं, हे मुलाला डोळ्यांनी दिसतं. साहित्य येईल म्हणून थांबू नका. कोसबाडला ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बिया, पानं, शंख-शिंपले, गोटे यांवर बालशिक्षण उभं केलं. आपल्या भागात चिंचोके आणि काड्या यांना तोटा नाही.

गठ्ठा सोडू का?

हातच्याची वजाबाकी हा प्राथमिक शाळेतला खरा घाट आहे. 52 मधून 27 वजा करताना पुष्कळ मुलं 35 लिहितात. त्यांचा तर्क असा असतो: दोनातून सात जात नाहीत, पण सातातून दोन जातात, तर तेच करू. ही चूक निष्काळजीपणाची नाही. मुलाला 52 ही संख्या दिसतच नसते, त्याला पाच आणि दोन असे दोन सुटे अंक दिसतात.

यावर एक पाठ सविस्तर सांगतो. तुराट्यांच्या बोटभर लांबीच्या काड्या करा, किंवा आइस्क्रीमच्या काड्या जमवा. दहा-दहा काड्यांना रबर लावून मुलांकडूनच गठ्ठे बांधून घ्या. हे काम शिक्षकांनी स्वतः करून ठेवू नये. गठ्ठा बांधतानाच दशक कळतो, आयता गठ्ठा मिळाला तर तो नुसती एक वस्तू होऊन बसतो. मुलासमोर पाच गठ्ठे आणि दोन सुट्या काड्या ठेवा आणि म्हणा, "मला सत्तावीस काड्या दे."

मूल दोन गठ्ठे देतं. दोन सुट्या देतं. मग अडतं. "बाई, पाच कमी पडतात."

इथे बाईंनी गप्प राहायचं. हे गप्प राहणं अवघड असतं, कारण तोंडावर उत्तर आलेलं असतं आणि बाकीचा वर्ग चुळबुळ करत असतो. पण इथे जे मिळतं ते सांगून मिळत नाही. मूल हातातल्या गठ्ठ्याकडे बघतं, रबर चाचपतं आणि विचारतं, "गठ्ठा सोडू का?"

हा प्रश्न आला की अर्धी वजाबाकी शिकवून झाली. गठ्ठा सोडला, दहा काड्या सुट्या झाल्या, त्यातल्या पाच दिल्या, पाच उरल्या. दोन गठ्ठे आणि पाच सुट्या, पंचवीस. आता त्याच वेळी, काड्या समोर असतानाच, पाटीवर तेच लिहायचं: पाचावर काट मारून चार, कारण गठ्ठे चार राहिले, दोनाचे बारा, कारण सुट्या बारा झाल्या. 'शेजाऱ्याकडून उसने घे' असं बोलू नका. उसनं घेतलेलं परत करावं लागतं, मग मुलं ते परत कधी करायचं म्हणून गोंधळतात. 'गठ्ठा सोडला' म्हणा, जे घडलं तेच म्हणा.

काड्या किती दिवस वापरायच्या? मूल स्वतःहून बाजूला सारेपर्यंत. पुढे काड्यांऐवजी उभ्या रेघा आणि ठिपके काढू द्या, मग नुसते अंक. कुणी दोन दिवसांत काड्या सोडेल, कुणाला महिना लागेल. बोटांवर मोजणाऱ्या मुलाच्या हातावर मारू नका आणि त्याला हसू देऊ नका. आपल्या आज्या अंगठ्याने बोटांची पेरं मोजत बारापर्यंत हिशेब करत आल्या आहेत. बोटं हे मुलाचं पहिलं साधन आहे आणि त्याचं काम संपलं की ती आपोआप स्वस्थ बसतात.

या रीतीबरोबर दुकानदाराची रीतही शिकवा. सत्तावीसच्या पुढे तीन घातले की तीस, वीस घातले की पन्नास, आणखी दोन की बावन्न. तीन, वीस, दोन: पंचवीस. सुटे पैसे परत देताना कित्येक दुकानदार असंच मोजून हातावर ठेवतात. ज्या मुलाला या दोन्ही वाटा येतात ते आपलं उत्तर आपणच पडताळून बघू शकतं, आणि पडताळण्याची सवय हीच पुढच्या सगळ्या गणिताची शिदोरी आहे.

'बेरीज की वजाबाकी, सर?'

शाब्दिक उदाहरण फळ्यावर लिहिलं की हा प्रश्न येतोच. याचा दोष बराचसा आपल्याकडे जातो. 'एकूण' आलं की बेरीज, 'उरले' किंवा 'कमी' आलं की वजाबाकी, अशा खुणा आपण पाठ करून घेतो, आणि मुलं मग उदाहरण वाचत नाहीत, खुणा शोधतात. हे उदाहरण घालून बघा: 'सीताने 12 किलो कापूस वेचला. तो तिच्या आईपेक्षा 8 किलोने कमी आहे. आईने किती कापूस वेचला?' 'कमी' शब्द बघून मुलं 4 लिहितील. आईपेक्षा लेकीचा कापूस जास्त कसा, असा प्रश्न त्यांना पडणार नाही. फ्रान्समध्ये 1980 च्या सुमारास शिक्षकांनी लहान मुलांना विचारलं होतं: जहाजावर 26 मेंढ्या आणि 10 बकऱ्या आहेत, तर कप्तानाचं वय किती? बहुतेक मुलांनी 36 सांगितलं. आपल्या वर्गात असं एखादं उदाहरण मुद्दाम घाला आणि 'हे सांगताच येणार नाही' म्हणणाऱ्या मुलाची तोंड भरून स्तुती करा.

उपाय साधा आहे, वेळ मात्र खातो. आधी उदाहरण गोष्टीसारखं सांगायचं आणि पुस्तक मिटून मुलाला ते आपल्या शब्दांत पुन्हा सांगायला लावायचं. मग चित्र: सीताची एक पट्टी, आईची एक पट्टी, लांब कुणाची? पट्ट्या काढल्या की 12 आणि 8 मिळून 20 हे मुलाला न सांगता दिसतं. आठवड्यातून एकदा उलटं करा. फळ्यावर नुसतं 35 × 10 = 350 लिहा आणि याची गोष्ट मुलांना बनवू द्या. कुणी वेचणीची मजुरी लावेल, कुणी खताच्या गोण्या आणेल, कुणी लग्नातल्या पंगती बसवेल. ज्याची गोष्ट आकड्यांत बसत नाही, त्याला काय समजलं नाही ते तुम्हाला लगेच कळतं. शंभर गणितं तपासूनही इतकं नेमकं कळत नाही.

पाढे पाठ हवेत

इथे मी जुन्या मताचा आहे. दहापर्यंतचे पाढे चौथीअखेर तोंडपाठ असावेत. पाढा येत नसलेलं मूल भागाकारात अडकतं आणि त्याचं सगळं लक्ष सात आठे किती यातच खर्च होतं. पण पाठ करण्याआधी पाढा उभा करून दाखवा. चिंचोक्यांच्या सात-सातच्या चार रांगा म्हणजे 28, आणखी चार रांगा म्हणजे तेवढेच, म्हणून सात आठे 56. बाराचा पाढा म्हणजे दहाचा आणि दोनाचा मिळून. पाढा विसरला तर तो पुन्हा कसा काढायचा हे ज्याला येतं, त्याला पाढ्याची भीती राहत नाही.

जुन्या शाळांत पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी म्हणून घेत. त्या साऱ्या पुन्हा आणा असं माझं म्हणणं नाही, पण त्यातला विचार सोडू नका. अपूर्णांक पुस्तकात येण्याच्या आधीपासून मूल 'पावशेर', 'अर्धा', 'दीड', 'अडीच' बोलत असतं. शेतकऱ्याच्या घरात तर अपूर्णांकांची वहीच उघडी असते. एकराचे गुंठे 40. मग पाव एकर 10, अर्धा 20, पाऊण 30, सव्वा 50, दीड 60, अडीच एकर बरोबर 100 गुंठे. हे कोष्टक मुलांकडून भरून घ्या आणि मगच अंश-छेद फळ्यावर लिहा. चतकोर भाकरी ज्याला माहीत आहे त्याला एक चतुर्थांश अवघड जायला नको.

सरावाचा कंटाळा येतो हे खरं आहे, म्हणून एक युक्ती. देवळालीच्या शाळेत शिकवणारे दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर (1905-1986) हे साधे शाळामास्तर, पण त्यांचं नाव जगभरच्या गणितज्ञांना माहीत आहे. त्यांनी शोधलेली 6174 ही संख्या प्रसिद्ध आहे. तिसरी-चौथीसाठी तिची तीन अंकी बहीण घ्या. सगळे अंक सारखे नसलेली कोणतीही तीन अंकी संख्या निवडा, समजा 352. अंक उतरत्या क्रमाने लावले तर 532, चढत्या क्रमाने 235. वजाबाकी 297. आता 972 वजा 279, म्हणजे 693. मग 963 वजा 369, म्हणजे 594. मग 954 वजा 459, म्हणजे 495. पुढे कितीही वेळा करा, 495 च येतं. कुठूनही सुरुवात केली तरी वर्ग शेवटी 495 वर येऊन थांबतो. पोरं हातच्याच्या पंधरा-वीस वजाबाक्या आनंदाने करतात, आणि कुणाचं उत्तर वेगळं आलं तर आपली चूक आपणच शोधतात. चौथीच्या मुलांना मग चार अंकांवर सोडा, तिथे ती 6174 वर येऊन थांबतील, आणि हा शोध लावणारे मास्तर आपल्यासारख्याच मराठी शाळेच्या जगातले होते, हे आवर्जून सांगा.

आणखी दोन गोष्टी. उत्तर बरोबर असो की चूक, 'कसं काढलंस?' हे दोन्ही वेळा विचारा. चुकल्यावरच विचारलं तर तो प्रश्न मुलाला शिक्षेसारखा वाटू लागतो. आणि दिवाळीनंतर आई-वडिलांबरोबर ऊसतोडीला गेलेलं मूल हंगाम संपवून परत येतं तेव्हा त्याला पुस्तकाच्या चालू पानावर बसवू नका. गठ्ठा, माळ, कार्डं यांपैकी ते कुठे अडतं हे दहा मिनिटांत कळतं. तिथून सुरू करा. 5 जुलै 2021 रोजी सुरू झालेल्या निपुण भारत अभियानाने तिसरीपर्यंत प्रत्येक मुलाला पायाभूत अंकज्ञान मिळावं असं ठरवलं, आणि त्यासाठी 2026-27 ही मुदत ठेवली. ते उद्दिष्ट खरं व्हायचं तर अशी मुलं हजेरीपटाच्या शेवटी राहून चालणार नाही.

पालकांकडे एक मागणं आहे. शिकवणी लावण्याआधी घरचा हिशेब मुलासमोर करा. किराण्याची यादी त्याच्याकडून लिहून घ्या, उरलेले पैसे त्याला मोजू द्या. कापूस घालून आलात की पट्टी खिशात ठेवू नका, चौथीतल्या लेकराच्या हातात द्या. समजा भाव क्विंटलला 7,000 आणि वजन 2 क्विंटल 40 किलो. दोन क्विंटलचे 14,000, किलोला 70 प्रमाणे चाळीस किलोचे 2,800, एकूण 16,800. मग तोलाई-हमाली वजा करून हातात किती यायला हवे होते ते त्याला काढू द्या, आणि तुम्ही आणलेल्या पैशांशी ताळा करायला सांगा. मुलीलाही द्या, मुलालाच नव्हे. आणि दुसऱ्या दिवशी ती पट्टी शाळेत पाठवा, बाईंना वर्गात त्याहून चांगलं उदाहरण मिळणार नाही.